वठलेलं झाड आणि ‘लाकूड तुझं’चा सौदा



मे महिना लागला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव एक काम निघतं. पावसाळ्याच्या आत वाळलेली झाडं पाडायची. बांधावरची बाभूळ, गोठ्यामागचा कडुनिंब, शाळेच्या कुंपणालगतचं एखादं जुनं झाड. तोडणाऱ्याला बोलावणं जातं आणि सौदा ठरतो, "लाकूड तुझं, मजुरी नाही." कोणी काळजी बोलून दाखवली तर उत्तर तयार असतं, "वाळेल झाड हाय, त्याले काय लागते!"

माझं मत नेमकं उलटं आहे. हिरव्या झाडापेक्षा वाळलेलं झाड पाडणं जास्त धोक्याचं असतं, आणि हा फुकटातला सौदा तो धोका आणखी वाढवतो.

हिरव्या लाकडात चिवटपणा असतो. ज्या बाजूला झाड पाडायचं त्या बाजूला जाणकार माणूस आधी खाच घेतो, साधारण बुंध्याच्या जाडीच्या पाव भागाइतकी. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडं वर कापत येतो आणि मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवतो. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखं काम करते. झाड तिच्यावर वळत, ठरल्या दिशेने खाली येतं. वाळलेल्या, कुजलेल्या लाकडात ही बिजागरी टिकत नाही. ती कट्‌कन तुटते आणि झाड त्याच्या मनाला येईल तिकडे जातं. दुसरं म्हणजे कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाचा हादरा शेंड्यापर्यंत पोचतो. वाळकी फांदी वरून सुटते तेव्हा खालचा माणूस मान खाली घालून कामात असतो.

झाडाचं वजन काय असतं हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्याने पाहिलं आहे. 9 एप्रिल 2023 ची संध्याकाळ. बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून लोक टिनाच्या शेडखाली थांबले आणि जुना, भला मोठा कडुनिंब त्या शेडवर कोसळला. 7 जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. तिथे कोणी झाड तोडत नव्हतं. पण कडुनिंब पडतो तेव्हा टिनाचा काही उपयोग होत नाही, एवढं त्या संध्याकाळी कळलं.

म्हणून दिसेल ते झाड पाडा, असं मी म्हणत नाही. आधी ते खरंच मेलंय का ते पाहा. उन्हाळ्यात सलई, पळस निष्पर्ण होतात, ती मेलेली नसतात. कडुनिंबाचे शेंडे तपकिरी होऊन वाळण्याचा रोग तेलंगणात 2021 मध्ये सगळीकडे पसरला होता, त्यातलीही बरीच झाडं पुन्हा फुटली. नखाने किंवा विळ्याने साल थोडी खरवडा. आत हिरवं, ओलं असेल तर तो भाग जिवंत आहे. पण बुंध्याशी छत्रीसारखी कडक बुरशी उगवली असेल, भिरुडाने पाडलेला भुसा खाली सांडत असेल, लाकडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ते झाड आतून गेलं आहे असं धरूनच काम करा.

परवानगीचं भय फार जण सांगतात. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, मोह, साग, अंजन अशी झाडं आहेत, त्यांना परवानगी लागतेच. पण झाड मेलेलं, रोगट किंवा जीविताला धोकादायक असणं हे परवानगी मिळण्याचं कारण याच कायद्यात दिलेलं आहे. अर्ज करायचा आळस आपला असतो, आणि मग एक दिवस घाईने झाड पाडलं जातं.

घाई झाली की जे होतं ते बघा. दोर शेंड्याला बांधून ट्रॅक्टरने ओढतात, आणि दोर झाडाच्या उंचीपेक्षा आखूड! काही जण जेसीबीने ढकलतात. वठलेल्या झाडाला धक्का बसला की बुंधा पुढे जायच्या आधी शेंडा मोडून मागे, थेट जेसीबीच्या टपावर येऊ शकतो. वाळलेल्या झाडावर चढून, स्वतःला त्याच खोडाला बांधून घेणं तर वेडेपणा आहे. झाड गेलं की माणूसही गेला. घराजवळचं झाड असेल तर हायड्रॉलिक शिडीची गाडी मागवा. वीजतारा जवळ असतील तर महावितरणच्या माणसाने लाइन बंद केल्याशिवाय कुऱ्हाड उचलूच नका. ढोलीत साप असतो, वर आग्यामोहोळ असतं, तेही आधी बघून घ्या. डोक्यावर हेल्मेट हवं. मागच्या बाजूला तिरकं पळायला मोकळी वाट हवी. कामाला नसलेली माणसं झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर हवीत. वारा सुटला तर काम बंद. आणि पडता पडता झाड दुसऱ्या झाडात अडकलं, तर कोणीही त्याच्याखाली जायचं नाही.

आता पुन्हा त्या सौद्याकडे येतो. ज्याला मजुरी म्हणून फक्त लाकूड मिळणार, तो हेल्मेट कशाला आणेल? दुसरा माणूस लक्ष ठेवायला कशाला ठेवेल? एका दिवसात लाकूड गाडीत भरलं नाही तर त्याचा दिवस वाया. आपण वाचवलेले हजार-दोन हजार रुपये तो स्वतःच्या जिवावर फेडत असतो. म्हणून माझं सांगणं, मजुरी रोख द्या, लाकडाचा हिशेब वेगळा ठेवा. गावठाणातलं झाड असेल तर ग्रामसभेत हा खर्च मांडा. शाळेतलं असेल तर व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, एप्रिल संपायच्या आत मांडा, कारण विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी भरतात आणि मधला वेळ मोकळा असतो. तोडणीच्या दिवशी शेजारच्या बाया आणि पोरं सरपणाच्या काटक्या वेचायला हटकून येतात. त्यांना अडवायला एक माणूस फाटकावर उभा करा, शेवटची फांदी जमिनीवर येईपर्यंत.