वाळूचा भरवसा

सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर नवशिक्या आणि निष्णात अशा दोघांनाही फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होता येते, याचे श्रेय तेथील वाळूला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. तळाशी खडक नसल्याने पडणाऱ्याचे डोके फुटत नाही. सुमारे एक किलोमीटरच्या या चंद्रकोरीत उत्तरेस लाटा सौम्य, तर दक्षिणेस जोरकस असतात. परंतु वाळू स्थिर नसते. एका वादळात तिचे उंचवटे सरकतात आणि समुद्राकडे परतणाऱ्या पाण्याची ओढ आपली वाट बदलते. विपरीत असे की, जेथे ही ओढ असते तेथेच लाटा कमी फुटतात. अजाण माणूस तीच जागा निर्धोक समजून उतरतो.

६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनी वाळूच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या सुमारे अडीचशे लोकांना आत खेचले. पाच जण दगावले. उरलेले वाचले, ते वाळूच्या कृपेने खचित नव्हे. जीवरक्षक मंडळाचे स्वयंसेवक त्या वेळी दोर व रहाटांसह किनाऱ्यावर हजर होते.

आजही लाल-पिवळ्या निशाणांमधील पट्टा समुद्राचा रंग पाहूनच आखला जातो. मात्र तो पोहणाऱ्यांसाठी. टणक फळीवाल्यांना तेथे मज्जाव असतो, आणि तो रास्तच आहे. म्हणजे नवशिक्याला निशाणांबाहेरच जावे लागते. तेव्हा भाड्याची फळी त्याच्या हाती देण्यापूर्वी ओढ कशी ओळखावी आणि तीत सापडल्यास फळी न सोडता हात वर करून मदत कशी मागावी, हे शिकविणे सक्तीचे असावयास हवे.