नव्या स्विचमध्ये वाटण्या करून घ्या

चाटी गल्लीतले कापड दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, बिलाचा संगणक, कॅमेरे आणि गिऱ्हाइकांचे वायफाय आज एकाच डबीला जोडलेले असतात. या डबीला स्विच म्हणतात. नवा स्विच घेताना आपले व्यापारी बंधू किती पोर्टचा आणि केवढ्याला, एवढेच विचारतात. आमचे म्हणणे असे की तिसरा सवालही विचारावा : यात व्हीलॅन करता येतात का?

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये केलेल्या अलग अलग वाटण्या. ट्रान्सपोर्टच्या ट्रकमध्ये दहा व्यापाऱ्यांच्या गाठी एकत्र जातात. पण गाठीवर मार्का असतो, म्हणून ज्याचा माल त्याच्याच गोदामात उतरतो. इथेही तसेच. दोन स्विचमधल्या तारेतून जाताना डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर व्हीलॅनचा नंबर लागतो. हा नियम १९९८ साली ८०२.१ क्यू या नावाने ठरला. नंबर १ ते ४०९४ पर्यंत देता येतात. या सामाईक तारेच्या पोर्टला ट्रंक म्हणतात. संगणक किंवा कॅमेरा जिथे लागतो तो अ‍ॅक्सेस पोर्ट, म्हणजे गोदामाचे दार. साध्या स्विचमध्ये ही सोय नसते. त्यासाठी मॅनेज्ड किंवा स्मार्ट स्विच लागतो.

छोट्या दुकानदाराला याची काय गरज, असे कोणी म्हणेल. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. कॅमेरा आणि हिशेब एकाच वाटणीत असले, तर कॅमेऱ्यात शिरलेल्या चोराला उधारीच्या खात्यापर्यंत वाट मिळते. बड्या कंपनीकडे दुसरी व्यवस्था असते. आपली उधारी, जीएसटी आणि ई-वे बिल मात्र एकाच संगणकावर. तो बंद पडला की बांधलेला मालही गोदामात अडकतो.

म्हणून बसवणाऱ्याकडून एवढे करून घ्यावे. बिलाचे संगणक व प्रिंटर व्हीलॅन १० मध्ये, कॅमेरे व त्यांचा रेकॉर्डर २० मध्ये, पाहुण्यांचे वायफाय ३० मध्ये. दुकानाचे आणि पाहुण्यांचे वायफाय एकाच यंत्रावरून चालत असेल, तर त्या यंत्राचा पोर्ट ट्रंक ठेवावा. राउटरमध्ये २० आणि ३० मधून १० कडे जाण्यास मनाई लावावी. नाहीतर भिंत बांधून दार उघडे ठेवल्यासारखे होईल. शेवटी सेटिंग सेव्ह करावी, कारण काही स्विचमध्ये सेव्ह न केलेले काम वीज जाताच पुसले जाते.

स्विचचा नवा पासवर्ड आणि कोणत्या पोर्टला काय लावले याचा कागद मालकाच्या तिजोरीत हवा. बसवणारा उद्या फोन उचलेलच असे नाही. कुलूप आपले आणि किल्ली दुसऱ्याकडे, असा व्यवहार कोणताही व्यापारी गोदामाच्या बाबतीत करत नाही. मग हिशेबाच्या बाबतीत तरी का करावा?