घर बांधणाऱ्याचे घर

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधणे हे किती कष्टाचे व किती चिंतेचे काम आहे, हे ज्याने ते एकदा तरी केले त्यालाच कळते, असा या म्हणीचा भाव. परंतु ज्याचा व्यवसायच घरे बांधण्याचा, असा वास्तुकार स्वतःसाठी घर बांधतो, तेव्हा काय होत असेल? दुसऱ्याचे घर बांधताना मालकाची हौस आणि मालकाचा हट्ट यांपुढे त्याला अनेकदा मान तुकवावी लागते. स्वतःच्या घरात तसे सांगणारा कोणी नसतो. म्हणून वास्तुकाराचे स्वतःचे घर हे त्याच्या विचारांचे सर्वांत प्रामाणिक पुस्तक होय. अशी घरे जपणे हे समाजाचे कर्तव्य आहे, असे माझे मत आहे.

एक उदाहरण पाहू. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यास झाला. त्यांच्या घराण्यात लाकडी सामान बनविण्याचा धंदा होता. मुंबईस वास्तुविद्येचे शिक्षण घेऊन ते १९५१ साली पॅरिसला गेले आणि ल कॉर्बुझ्ये या थोर वास्तुकारापाशी राहून काम शिकले. पुढे ते अहमदाबादेस स्थायिक झाले. तेथे १९६३ साली त्यांनी स्वतःचे घर बांधले व त्याला पत्नीचे, म्हणजे 'कमला' हे नाव दिले. हे घर म्हणजे राजवाडा नव्हे. उघड्या विटांच्या भिंती, आत येणारा वारा आणि बेताचा उजेड हेच त्याचे वैभव. २०१८ साली वास्तुकलेतील प्रित्झकर पारितोषिक दोशींना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. २०२३ साली ते निवर्तले. त्यांचे विचार समजून घेण्यास त्यांचे ग्रंथ आहेतच. परंतु उन्हातून त्या घरात पाऊल टाकल्यावर जे कळेल, ते ग्रंथात कसे सापडणार?

आता दूरच्या मेक्सिको देशाकडे वळू. लुइस बारागान हा तेथील नामवंत वास्तुकार. तरुणपणी त्याने युरोपात प्रवास केला आणि भूमध्य समुद्राकाठची घरे व बागा त्याच्या मनात ठसल्या. जाड भिंती, भिंतींआड दडलेली बाग आणि शांत सावली यांचा त्याला ध्यास लागला. १९४८ साली मेक्सिको शहरात त्याने स्वतःचे घर बांधले. रस्त्यावरून पाहिले तर ते अगदी साधे दिसते. त्याचे सौंदर्य आत आहे. २००४ साली युनेस्कोने या घराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेव्हा त्या घराला साठ वर्षेसुद्धा झाली नव्हती!

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही म्हणाल, मेक्सिको आणि भूमध्य समुद्र यांच्याशी आम्हां वऱ्हाडातील मुलांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो उन्हाचा आहे. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळा कोरडा व प्रखर असतो. म्हणून तेथील लोकांनी जाड भिंती उभारल्या, लहान खिडक्या ठेवल्या, मधोमध अंगण सोडले आणि भिंतींना पांढरा चुना दिला. आपल्या अकोला-अमरावतीकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. आपल्या पूर्वजांनीही जाड मातीच्या भिंती, चौक, ओसरी आणि पांढऱ्या मातीचे धाबे असलेली घरे बांधली. जाड भिंतीतून दुपारचे ऊन आत झिरपण्यास कित्येक तास लागतात. तोवर रात्र होऊन बाहेरचा वारा थंड झालेला असतो. दोन्ही ठिकाणच्या गवंड्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. तरी सूर्याने दोघांना एकच धडा दिला! मात्र भूमध्य समुद्राकाठी पाऊस मुख्यत्वे हिवाळ्यात पडतो, तर आपल्याकडे मृगापासून झड लागते. म्हणून आपल्या धाब्यांना पन्हळी लागतात आणि पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकावी लागते. नुसती नक्कल करून घर होत नाही. जेथे राहावयाचे तेथील ऊन, वारा आणि पाऊस ओळखून ते बांधावे लागते.

काही जण विचारतील, साठ-सत्तर वर्षांच्या घराला वारसा कसे म्हणावे? वारसा म्हणजे नरनाळ्याचा १४८७ सालचा महाकाली दरवाजा किंवा बाळापूरची मिर्झा राजा जयसिंगाची छत्री. हा प्रश्न चुकीचा नाही. आपल्या देशाच्या १९५८ सालच्या कायद्यानेही प्राचीन स्मारक ठरण्यास वास्तूचे वय निदान शंभर वर्षे असावे लागते. परंतु शंभरावे वर्ष गाठण्यासाठी वास्तूला पन्नासाव्या आणि साठाव्या वर्षांतून सुखरूप पार पडावे लागते. दिल्लीचे 'हॉल ऑफ नेशन्स' हे भव्य प्रदर्शनगृह १९७२ साली उभे राहिले. देशोदेशींच्या वास्तुकारांनी विनवूनही २०१७ साली ते पाडण्यात आले. ते वारसा ठरण्याइतके जुने नाही, असे तेव्हा म्हटले गेले. आता ते कधीच जुने होणार नाही! नरनाळ्याचा दरवाजाही एके काळी नवाच होता, हे आपण विसरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घर हे राहण्यासाठी असते. कुटुंब वाढते, छत गळते, वाळवी लागते. धाब्यावर माती टाकणारी जाणती माणसे आता सहज मिळत नाहीत. अशा वेळी घरमालकाने सिमेंटचे नवे घर बांधले, तर त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याच्या डोक्यावर पाणी ठिबकते, त्याला वारशाचा उपदेश करणे सोपे. डागडुजीचा भार वाटून घेणे कठीण. म्हणून माझे म्हणणे असे की, जे घर सर्वांच्या शिक्षणासाठी जपावयाचे, त्याचा खर्चही सर्वांनी मिळून उचलला पाहिजे. करात सवलत, दुरुस्तीस साहाय्य आणि जाणकारांचा सल्ला मालकाला मिळाला पाहिजे. तसेच प्रत्येक जुने घर जपता येणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्या घरातून काही शिकण्यासारखे आहे, जे बांधणाऱ्याच्या बुद्धीची साक्ष देते, त्याची निवड करावी. जे वाचविता येत नाही, त्याचे मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रे तरी मागे ठेवावीत.

आणि हे काम मोठ्यांचेच आहे असे नाही. वऱ्हाडातील खेड्यांत नकाशा काढणारा वास्तुकार पूर्वी कोठे होता? गवंडी, सुतार आणि घरधनी यांनीच मिळून विचार केला व घर उभारले. ओसरी कोणत्या दिशेला ठेवावी, चौक केवढा सोडावा, चूल कोठे मांडावी, हे त्यांनी अनुभवाने ठरविले. ती मंडळीही आपापल्या घरांचे वास्तुकारच होती. या सुटीत गावातील एखादे जुने घर मालकाची परवानगी घेऊन नीट पाहा. भिंत किती हात जाड आहे ते मोजा. भर दुपारी चौकात आणि माजघरात उभे राहून दोहोंतील फरक अनुभवा. घरातील आजीला विचारा की, हे धाबे कोणी घातले आणि माती कोठून आणली. जे ऐकाल ते वहीत उतरवून ठेवा. उद्या ते घर राहिले तर उत्तमच. न राहिले तरी तुमच्यापैकी एखादा वास्तुकार होऊन स्वतःचे घर बांधावयास बसेल, तेव्हा ती वही त्याच्या उपयोगी पडेल.