लिहिणाऱ्याला वेळ कोण देतो?



विहारात, लग्नात, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, कोठेही गेलो तरी आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "तुम्ही लिहिता केव्हा हो?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "याचे मिळतात किती?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. काही मिळत नाही. अंकाच्या दोन प्रती घरपोच येतात, त्यातली एक शेजारी वाचायला नेतात आणि ती परत येत नाही. परंतु पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. वास्तविक तो प्रश्न आमच्यापुरता नाहीच. आपल्या वस्तीत लिहिण्याची हौस असलेली अनेक मुले-मुली आहेत आणि त्यांच्यापुढेही तोच प्रश्न उभा आहे. म्हणून आज त्यावरच लिहावे असे आम्ही ठरविले.

लेखक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र येते. खिडकीजवळ टेबल, टेबलावर दिवा, शेजारी चहाचा कप, आणि लेखकमहाशय आढ्याकडे पाहून विचार करीत बसले आहेत. आमच्याकडे यातला फक्त चहा खरा आहे. आम्ही पडलो कारकून. सकाळी डबा घेऊन निघायचे, लोकलमध्ये लोंबकळायचे, दिवसभर ऑफिसात आकडे जुळवायचे आणि दिवेलागणीनंतर घरी यायचे. रविवार सुटीचा म्हणावा तर तो संस्थेचा. कोणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिलेला असतो, कोणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कोणाला इस्पितळात सोबत हवी असते. राहिली रात्र.

रात्री आमचे लिहिण्याचे टेबल म्हणजे पत्नीचे शिवणयंत्र. त्यावर एक फळी टाकली की काम भागते. लग्नसराईत ब्लाउज-परकरांचे काम जास्त असले की यंत्र मोकळे होत नाही. मग आम्ही जमिनीवर बसकण मारून, मांडीवर पाट घेऊन लिहितो. दहा वाजता घरातला टीव्ही बंद होतो. तो कोणी आमच्या धाकाने बंद करीत नाही. मालिका अर्धी सोडून धाकटी उठते आणि बटण दाबते. या स्तंभाचा पहिला शब्द लिहिला जातो तो त्या बंद झालेल्या टीव्हीमुळे. पूर्वी लेख पाकिटात घालून पोस्टात टाकावा लागे, आता मोठा मुलगा फोनवरून पाठवून देतो. तेवढी एक सोय झाली आहे.

शिवाय लिहिणे म्हणजे नुसते लिहिणे नव्हे. एक पान लिहायचे तर वीस पाने वाचावी लागतात. वाचन आम्ही लोकलमध्ये उभ्याने करतो. एखादी तारीख पक्की करायची तर शनिवारची दुपार ग्रंथालयात जाते. हल्ली तर हे काम वाढले आहे. रोज सकाळी फोनवर कोणी ना कोणी बाबासाहेबांच्या फोटोखाली चार ओळी छापून पाठवतो. ते कोणत्या भाषणात बोलले, कोणत्या पुस्तकात लिहिले, याचा काही पत्ता नसतो. विचारले तर उत्तर येते, "मला दुसऱ्याने पाठवले." अशा वेळी शासनाने छापलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड काढून बसावे लागते. ज्यांनी आयुष्यभर अभ्यासपूर्वक लिहिले, त्यांच्या नावावर बिनबुडाची वाक्ये खपवावीत, हे बरे नव्हे. जमाखर्चात पावती नसलेली रक्कम आम्ही धरीत नाही. लिहिण्यातही तोच नियम पाळावा, असे आमचे मत आहे.

हे आमचे गाऱ्हाणे नाही, हे येथेच सांगून ठेवतो. सांगायचा मुद्दा निराळा आहे. लिहिणाऱ्याला वेळ आकाशातून मिळत नाही. तो घरातूनच मिळतो. कोणीतरी आपली झोप, आपली करमणूक, आपला हातभार बाजूला काढून ठेवतो, तेव्हा दुसऱ्याच्या हातात पुस्तक येते किंवा लेखणी येते.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या शाळकरी वयात हे कुटुंब परळच्या दाबक चाळीत एका खोलीत राहत होते. तीच खोली स्वयंपाकाची, तीच झोपण्याची, तीच अभ्यासाची. दिवसा त्या गलबल्यात अभ्यास होणे शक्य नव्हते. तेव्हा सुभेदार रामजींनी युक्ती काढली. भीमाला लवकर झोपवायचे आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहून मग त्याला उठवायचे. पुस्तकासाठी पैसे कमी पडले तर लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणायचा आणि गहाण टाकायचा. आपण बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या गोष्टी मुलांना आवडीने सांगतो. पण दोन वाजेपर्यंत जागणारा बाप आणि दागिना काढून देणारी बहीण, यांची गोष्ट आपण आपल्या स्वतःच्या घराला सांगतो काय?

पुढे हेच बाबासाहेब वृत्तपत्राचे संपादक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्यानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघाले, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. त्या काळातला त्यांचा दिवस डोळ्यांपुढे आणा. ते हायकोर्टात वकिली करीत होते. मुंबईच्या विधिमंडळाचे सभासद होते. पोटासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. आम्ही स्वतः बी.कॉम., तेव्हा हा तपशील वाचून आम्हाला वेगळीच आपुलकी वाटली. आणि हे सगळे सांभाळून पाक्षिक काढायचे. लिहिणारे दुसरे कोणी नाही, म्हणून अंकाचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागत. ही गोष्ट त्यांनी स्वतः १९२८ साली वाचकांपुढे मांडली. मोबदला नाही, विश्रांती नाही, आणि पत्राच्या डोक्यावर कर्ज. ते पत्र १९२९ साली बंद पडले. त्याला जातिवंत शत्रू पुष्कळ होते, परंतु पैशाची चणचण हेही त्याचे मोठे दुखणे होते. तरी १९३० साली 'जनता' निघाले आणि १९५६ साली त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले.

'बहिष्कृत भारत'च्या दिवसांत हे कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत राहत होते. एक खोली संसाराला आणि एक बाबासाहेबांच्या पुस्तकांना व कामाला. गरिबाच्या घरात दोन खोल्यांपैकी एक खोली पुस्तकांना देणे म्हणजे काय, हे चाळीत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या खोलीत रमाई होत्या, मोठ्या जाऊबाई लक्ष्मीबाई होत्या, मुले होती. १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला होता. त्या दुःखाला वर्षही पुरे झाले नाही तोच पाक्षिकाचा व्याप सुरू झाला.  ते चोवीस रकाने लिहायला लागणारी शांतता त्या घरातूनच आली.

येथवर आम्ही पुरुषांविषयी बोललो. आता बाईविषयी बोलू. पुरुषाला घर वेळ देते, मग लिहिणाऱ्या बाईला कोण देते?

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे नाव आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. शिक्षण चौथीपर्यंत. नवरा-बायकोने मिळून छोटे दुकान चालविले. दुकानात माल बांधून द्यायला जुनी वर्तमानपत्रे असत. पुडी बांधण्याआधी बेबीताई तो कागद वाचून काढीत. त्यातून वाचनाची गोडी लागली आणि वाचनातून लिहिण्याची. नवरा माल आणायला बाहेर गेला की गल्ल्यावर बसून त्या लिहीत आणि वह्या कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा ठिकाणी दडवून ठेवीत. एक-दोन वर्षे नव्हे, वीस वर्षे! पुढे फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या विदुषीने त्यांना लेखन छापायला प्रोत्साहन दिले. १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघाले. २००८ साली माया पंडित यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि ते देशोदेशी गेले. आपल्या आया-आज्यांनी काय सोसले, बाबासाहेबांचा शब्द ऐकून त्यांनी मुलांना शाळेत कसे घातले, हे आज जगाला माहीत आहे ते दडवून ठेवलेल्या त्या वह्यांमुळे. २०१२ साली बेबीताई गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी निंभोऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळाही उभी केली होती.

आम्हाला यातली एक गोष्ट राहून राहून खुपते. त्या वह्या त्यांना बाहेरच्या शत्रूपासून दडवाव्या लागल्या नाहीत. त्या घरच्यांपासून दडवाव्या लागल्या. घरातली माणसे वाईट होती असे नव्हे. बाईने लिहिणे हे कामच नव्हे, अशी तेव्हाची समजूत होती. ती समजूत आज गेली असे म्हणायचे धाडस आम्हाला होत नाही.

आमच्याच वस्तीतली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. एक मुलगी बारावीला होती. मजुरीवरून येणाऱ्या बायका तिच्या दारात बसून बोलत, ते सारे ती वहीत उतरून काढी. आमच्या पत्नीकडे ब्लाउज शिवायला आली असता तिने ते वाचून दाखविले. आम्ही ऐकत होतो. भाषा अगदी बोलती होती. "पुढच्या रविवारी वही घेऊन ये," असे आम्ही तिला सांगितले. पुढच्या रविवारी ती रिकाम्या हातांनी आली. घराला रंग द्यायचा म्हणून अडगळ काढली आणि जुन्या वह्या-पुस्तकांबरोबर तीही वही रद्दीत गेली. घरच्यांना वाटले, बारावी झाली, आता वही कशाला? किलोमागे जे काही रुपये आले असतील ते आले. तिने लिहिलेल्यापैकी दोन म्हाताऱ्या पुढे वर्षभरात वारल्या. आता ते पुन्हा कोण सांगणार?

'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण महाराष्ट्र शासनाने ते १९९० साली ग्रंथरूपाने छापले. पण छापायला आधी ते शिल्लक राहावे लागले. कोणीतरी ते रद्दीत दिले नाहीत, ट्रंकेत ठेवले, वाळवीपासून जपले, म्हणून ते हाती आले. लिहिणाऱ्याइतकाच जपणाराही मोठा, तो असा.

आपण दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलसमोर गर्दी करतो. लांबून आलेली माणसे भाकरीच्या फडक्यात पुस्तक बांधून नेतात. हे दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसेल, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण विकत आणलेल्या पुस्तकाला घरात जागा आणि घरात लिहिलेल्या वहीला रद्दीचे पोते, हे गणित काही जुळत नाही.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाला आमच्या चार नम्र सूचना आहेत. खर्चाची एकही नाही.

पहिली. घरात जो कोणी लिहितो किंवा अभ्यास करतो, त्याला रोज एक तास ठरवून द्या. त्या तासात टीव्ही बंद आणि फोनचा आवाज बंद. मुलगा लिहीत असेल तर हे आपण करतो. मुलगी किंवा सून लिहीत असेल तरीही करा. त्या तासात पाणी भरणे, धाकट्याला सांभाळणे हे काम बापाने किंवा भावाने अंगावर घ्यावे.

दुसरी. एक पत्र्याची पेटी किंवा खोका वह्यांसाठी वेगळा ठेवा आणि त्यातले काहीही लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय रद्दीत देऊ नका.

तिसरी. लिहिलेले वाचून दाखविले तर हसू नका. व्याकरण पाहू नका. "पुढे काय झाले?" एवढे विचारा. चौथी शिकलेल्या बाईचे पुस्तक आज विद्यापीठांत अभ्यासले जाते, हे लक्षात असू द्या.

चौथी. घरात आजी किंवा आजोबा असतील तर त्यांचे बोलणे मुलांकडून तारीख-वार घालून, गावाचे नाव घालून लिहवून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

"लिहिता केव्हा?" या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच आहे. घर वेळ देते तेव्हा. आज रात्री दहाला तुमच्या घरातला टीव्ही बंद झाला आणि कोपऱ्यात बसून कोणी वही उघडली, तर दिवा तिच्या बाजूला सरकवा. पुढचे ती पाहून घेईल.