सरवा वेचणाऱ्या बायांचं नाव काय?

मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पुढं पोटानं शिकू दिलं नाही. गेल्या वर्षी कविता वाचायला पॅरिसचं बोलावणं आलं. तिकीट त्यांचं, बूट दोस्ताचे. महिन्याचा पहिला रविवार ओर्से म्युझियमला फुकट असतो, म्हणून शिरलो.

ही इमारत मुळात रेल्वे स्टेशन. १९०० साली उघडलं, १९८६ साली त्याचं म्युझियम झालं. वरचं काचेचं छत आणि ते अवाढव्य घड्याळ बघून मला आधी हमालच आठवले.

मिलेचं १८५७ चं चित्र आहे. कापणी झालेल्या शेतात तीन बाया पडलेली कणसं वेचतायत. आपल्यात याला सरवा म्हणतात. माझी आजी सरवा वेचायची. मागं धान्याच्या गंज्या, भरलेली गाडी, घोड्यावर मुकादम. ते सगळं लांब, उजेडात. बायांच्या हातात मूठभर कणसं आणि तोंडं जमिनीकडं. बघता बघता माझीच कंबर ठणकायला लागली.

तेव्हा हे चित्र बघून पैसेवाले बिथरले होते. १८४८ च्या क्रांतीची भीती अजून गेली नव्हती. मिलेला त्याचे ३,००० फ्रँक मिळाले. १८७५ त तो मेला. १८८९ त तेच चित्र ३,००,००० ला गेलं. घेतलं शॅम्पेनवाल्या मादाम पोमेरीनं. बाया मात्र वाकलेल्याच.

दुसरं चित्र कायबोतचं. तीन उघडे कामगार गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासतायत. १८७५ त सरकारी प्रदर्शनानं ते नाकारलं. कारण, विषय हलका. आमच्या कविता परत पाठवताना एका संपादकानं हेच लिहिलं होतं. दीडशे वर्षं झाली, शहाण्यांचा शब्द तोच!

आणि लगेच युरोपला समतेचा स्वर्ग म्हणू नका. मानेचं 'ऑलिंपिया' बघा, १८६३ चं. पलंगावर गोरी बाई, मागं फुलं घेऊन उभी काळी मोलकरीण. गोरीवर ढीगभर लिहिलं गेलं. काळीचं नाव लोर. ते मानेच्या वहीत होतं. २०१९ च्या प्रदर्शनात, तेवढ्यापुरतं, चित्राला तिचं नाव दिलं. नावासाठी १५६ वर्षं!

आपल्यातले काही म्हणतील, ही भांडवलदारांची कला, जाळा. पांढरपेशे म्हणतील, वा, काय कलाप्रेम! दोस्तांनो, दोघांचंही ऐकू नका. मिले शेतकऱ्याचा पोरगा, पाठ कुठं मोडते ते त्याला कळत होतं. त्याचं ऋण मानू. पण त्या तीन बायांच्या हातात ब्रश आला नाही. आपल्याकडं वाकलेल्यांच्याच पोरांनी लेखणी उचललीय. बाबासाहेबांनी दिलेली ही ताकद समीक्षकांच्या शाबासकीसाठी विकू नका.

त्या चित्रासमोर एक गोष्ट टोचली. आजीचं नाव मलाच माहीत नव्हतं. सगळे तिला म्हातारी म्हणायचे. रात्री आईला फोन केला. आई आधी हसली, मग गप्प झाली, मग नाव सांगितलं. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तुम्हीही विचारा, लिहा. नाहीतर उद्या आपल्यालाही कुणीतरी सोनेरी चौकटीत टांगेल. नाव न लिहिता.