खेळाडूचा शब्द आणि उमेदवाराची पत

आमच्या बाजारात एखादा अनोळखी गृहस्थ उधारीवर माल मागावयास आला, तर आम्ही त्यास बसावयास देतो, पाणी देतो, आणि मग सहज विचारावे तसे विचारतो, 'इकडे आपल्याला कोण ओळखतो?' त्याने एखाद्या पेढीचे नाव घेतले की त्या पेढीवर निरोप जातो. 'मनुष्य चांगला आहे' एवढे उत्तर आले म्हणून आमचे समाधान होत नाही. तुमचा त्याच्याशी व्यवहार झाला आहे काय, किती वेळा झाला, रक्कम वेळेवर आली काय, आणि उद्या थकली तर आपण उभे राहाल काय, हे सारे विचारल्यावाचून कोठीचे कुलूप उघडत नाही. व्यापारात जन्म घालविलेल्या कोणाही वाचकास यात नवल वाटणार नाही.

परंतु हाच सावध मनुष्य निवडणुकीचा हंगाम आला म्हणजे निराळा होतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एका उमेदवाराच्या सभेस क्रिकेटचा एक नामांकित खेळाडू येणार असे कळले, तेव्हा तुकईथडहून दुकाने अर्धा दिवस बंद ठेवून मोटारी गेल्या. आम्हीही गेलो, हे कबूल केले पाहिजे. तीन तास उन्हात उभे राहिलो. खेळाडू आला, हात हालविला, उमेदवाराचे नाव हातातील कागदावर पाहून वाचले, चार वाक्ये बोलला आणि गेला. परतताना मोटारीतील एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, 'उमेदवार काय बोलला हो?' आठ माणसांपैकी एकालाही सांगता येईना. खेळाडूने कोणत्या रंगाचा सदरा घातला होता, हे मात्र आठांनाही ठाऊक होते.

खेळाडूंनी राजकारणात येऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तेही नागरिक आहेत. आमचा प्रश्न निराळा आहे. एका खात्यातील पत दुसऱ्या खात्यात वळती करता येते काय? आणि ज्याने ती वळती करून दिली, त्याच्यावर काही जबाबदारी राहते की नाही?

व्यापारापुरते या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 21 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत एखाद्या मालाची भलावण करणाऱ्या व्यक्तीस पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वर एक वर्ष, आणि दुसऱ्या खेपेस तीन वर्षे, भलावण करण्यास मनाई होऊ शकते. जाहिरातीतील दावा खरा आहे की नाही याची आपण योग्य ती तपासणी केली होती, असे त्याने दाखविले तरच तो सुटतो. म्हणजे आमच्या फळीवरील साबणाच्या वडीची शिफारस करणाऱ्या खेळाडूस जबाबदारी आहे. पाच वर्षांचा कारभार ज्याच्या हाती द्यावयाचा त्या उमेदवाराची शिफारस करणाऱ्या खेळाडूस मात्र तशी कोणतीच नाही. राजकारणासही असाच कायदा लावावा, असे आम्ही सुचवीत नाही. मत बोलून दाखविण्याचे स्वातंत्र्य खेळाडूसही आहे. पण जेथे विकणाऱ्यावर बंधन नाही, तेथे घेणाऱ्याने माल दोनदा पारखावा, हे आम्हा व्यापाऱ्यांस कोणी शिकवावे लागू नये.

खेळातील कीर्ती आणि कारभारातील अनुभव यांचा सामना आपल्याकडे अलीकडेच सुरू झाला, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण 1937 सालचे आणि मुंबईचे आहे. पळवणकर बाळू हे नाव आमच्या तरुण वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. चर्मकार कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ पुण्याच्या इंग्रज जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखणारे साधे नोकर होते. तेथील साहेबांना फलंदाजीच्या सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते हिंदुस्थानातील श्रेष्ठ गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. मात्र चहाच्या वेळी त्यांचा पेला निराळा ठेवला जाई. 1911 साली इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघातून खेळताना त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते पुढे त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. तरुणपणी स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंविषयी मोठा आदर होता.

1932 च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. आणि 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. एका बाजूस सर्व देशाला ठाऊक असलेला आणि ज्याच्यावर अन्याय झाला हे सर्वांस मान्य असलेला वयोवृद्ध खेळाडू. दुसऱ्या बाजूस 1927 पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसलेले, महाडचा सत्याग्रह चालविलेले, गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू मांडलेले बॅरिस्टर. मतमोजणी झाली तेव्हा आंबेडकरांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली होती.

हे आकडे आम्ही अनेकदा मनाशी घोळविले आहेत. आंबेडकर विजयी झाले, यात आश्चर्य नाही. पुढे ज्यांच्या हातून राज्यघटनेचा मसुदा घडला, त्यांच्या तोडीचा अभ्यास आणि अनुभव समोर उभा असतानाही अंतर अवघे 2,020 मतांचे राहिले, याचे मात्र आश्चर्य वाटते. बाळूंना पडलेली सर्वच मते खेळामुळे पडली, असे म्हणता येणार नाही. त्यांच्यामागे काँग्रेस होती आणि त्या वर्षी काँग्रेसचा जोर मोठा होता. पण हजारो मतदारांपैकी या पराभवामुळे बाळूंची गोलंदाजी कमी प्रतीची होती असे कोणास वाटले नसेल, आणि त्यांच्या गोलंदाजीमुळे कायदे कौन्सिलाचे काम त्यांस अधिक समजते असेही सिद्ध झाले नाही. दोन खाती निरनिराळी होती. मतदारांनी, थोड्या फरकाने का होईना, ती निरनिराळी ठेवली.

आता आपल्याच मध्य प्रदेशाकडे येऊ. 1991 साली भोपाळच्या लोकसभेच्या जागेसाठी काँग्रेसने मन्सूर अली खान पतौडी यांना उभे केले. नुसते माजी कर्णधारच नव्हेत, मातोश्री साजिदा सुलतान यांच्या बाजूने ते भोपाळच्या नवाब घराण्याचे नातूही. घराणे, खेळ आणि नाव, तिन्ही एकत्र. समोर भारतीय जनता पक्षाचे सुशीलचंद्र वर्मा होते. ते पूर्वी राज्याचे मुख्य सचिव होते; वल्लभ भवनातील फाइल कोणत्या टेबलावर अडते हे त्यांस पाठ असणार. भोपाळकरांनी वर्मांना निवडले. पतौडींची ही दुसरी हार होती. 1971 साली गुडगावातही ते पडले होते.

मात्र हेच पतौडी अनुभववादी मंडळींना अडचणीचेही ठरतात. 1962 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात नरी कॉन्ट्रॅक्टर चेंडू लागून जायबंदी झाले, तेव्हा वयाच्या 21 व्या वर्षी, आणि एका डोळ्याची दृष्टी गेलेली असताना, कर्णधारपद पतौडींच्या गळ्यात पडले. अनुभव मोजला असता तर ते त्यांच्याकडे येतेच ना. पण पुढे 1968 साली न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका जिंकली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. म्हणून 'नवखा आहे, सबब नालायक आहे' हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. आमच्या पेढ्यांवरही बापाच्या अकाली मृत्यूने विशीतल्या मुलांनी गादी सांभाळल्याची उदाहरणे घरोघर आहेत.

बैतूलचे उदाहरण आम्हांस अधिक जवळचे. 1975 च्या हॉकी विश्वचषकात क्वालालंपूर येथे मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरून बरोबरीचा गोल करणारे भोपाळचे अस्लम शेर खान यांस बैतूलच्या मतदारांनी 1984 साली लोकसभेत पाठविले, 1989 साली घरी बसविले आणि 1991 साली पुन्हा पाठविले. त्या त्या वर्षी देशातील वारेही निराळे होते, हे खरे. तरीही पहिली उधारी नावावर आणि पुढची खाते पाहून, ही रीत त्यात आम्हांस दिसते, आणि ती रीत चांगली आहे.

नाव प्रत्येक वेळी हरतेच असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. 2024 साली बंगालमधील बहरामपूर येथे पाच वेळा निवडून आलेल्या अधीर रंजन चौधरींचा पराभव क्रिकेटपटू युसूफ पठाण यांनी केला. बाहेरच्या जगातही तेच. लायबेरियाचा जॉर्ज विआ हा 1995 चा युरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू. 2005 साली तो अध्यक्षपदास उभा राहिला, तेव्हा त्याचे शिक्षण किती आणि कारभाराचा अनुभव कोणता, याच प्रश्नावर ती निवडणूक गाजली आणि अर्थशास्त्र जाणणाऱ्या एलन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या. विआने मग शिक्षण पुरे केले, 2014 साली सिनेटर झाला, 2018 साली अध्यक्ष झाला, आणि 2023 च्या निवडणुकीत जनतेने त्याचा सहा वर्षांचा कारभार पाहून त्यास निरोप दिला. या गृहस्थाविषयी आमच्या मनात आदर आहे. ज्या प्रश्नाने तो हरला, त्या प्रश्नाचे उत्तर तयार करण्यात त्याने वर्षे खर्च केली.

सचिन तेंडुलकर यांच्याविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते, कारण आमच्या घरातील मुलेबाळे रागावतील. 2012 साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. राज्यघटनेच्या कलम 80 मध्ये अशा नेमणुकीसाठी साहित्य, शास्त्र, कला आणि समाजसेवा ही क्षेत्रे सांगितली आहेत, खेळाचा उच्चार तेथे नाही. पण ते असो. 2018 पर्यंतच्या कारकिर्दीत सभागृहातील त्यांची उपस्थिती फारच थोडी राहिली. त्यांनी वेतन पंतप्रधान साहाय्यता निधीस दिले, धाराशिव जिल्ह्यातील डोंजा हे गाव दत्तक घेतले, हेही नमूद केले पाहिजे. तथापि सभागृहातील खुर्ची रिकामी राहिली ती राहिलीच. 2023 साली निवडणूक आयोगाने मतदार जागृतीसाठी त्यांस राष्ट्रीय प्रतीक केले, ते आम्हांस अधिक योग्य वाटते. 'मत द्या' एवढेच खेळाडूने सांगावे. 'कोणास द्या' हे त्याने सांगितले म्हणजे तो जामीनदार होतो, आणि जामीनदाराची वही पाहण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो.

आता अनुभव म्हणजे काय, हेही आपण नीट ठरविले पाहिजे. किती वर्षे खुर्चीवर बसला, हा अनुभव नव्हे. आमच्या माहितीतील एका मुनिमांनी चाळीस वर्षे नामे लिहिले, अक्षर मोत्यासारखे. पण कापसाचे बोंड हातात घेऊन धाग्याची लांबी सांगा म्हटले तर ते मालकाकडे पाहत. उमेदवारास आपण वर्षे विचारू नयेत, कामे विचारावीत. आणि ती आपल्या दारातील असावीत.

अकोला-खंडवा मार्गावरील लहान रुळांच्या गाड्या 2017 साली थांबल्या. मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की वळवून न्यावा, यावर दोन राज्ये आणि रेल्वे यांच्यात जो पत्रव्यवहार चालला, तो उमेदवाराने वाचला आहे काय? वळविलेल्या मार्गाने आपल्या व्यापाराचे काय होईल, हे त्यास सांगता येते काय? आपला माल एका दिवशी मध्य प्रदेशाच्या 1972 च्या मंडी कायद्याखाली आणि दुसऱ्या दिवशी धारणी वा जामोदकडे गेला तर महाराष्ट्राच्या 1963 च्या कायद्याखाली येतो. त्यातील शुल्काचा आणि कागदपत्रांचा फरक त्यास ठाऊक आहे काय? केळीच्या बागा वादळाने आडव्या झाल्या, म्हणजे पंचनाम्यासाठी प्रथम कोणाचे दार ठोठवावे लागते? नवख्या माणसास यांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे येत नसतील, तर आमची हरकत नाही. 'ठाऊक नाही, महिन्याभरात माहिती करून घेतो' असे तो म्हणाला आणि महिन्याने खरोखर आला, तर तो खेळाडू असो, शिक्षक असो वा आमच्यापैकी एखाद्याचा मुलगा असो, त्याचे खाते आम्ही आनंदाने उघडू.

जाता जाता संघाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. निवडणुकीच्या दिवसांत संघाची जागा, मंडप वा वर्गणी कोणाही खेळाडूच्या प्रचारसभेसाठी देऊ नये, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. मात्र प्रत्येक पक्षाच्या उमेदवारास, एकट्याने, हार-तुऱ्यांवाचून, संघाच्या बैठकीत बोलवावे. गादीवर बसवावे, चहा द्यावा आणि वरील प्रश्न विचारावेत. उत्तरे एका वहीत लिहून त्यावर तारीख घालावी, आणि ती वही पाच वर्षांनी पुन्हा काढावी. या बैठकीस महिला सभासदांनाही बोलवावे. पहिल्या परिच्छेदात सांगितलेली चौकशी आमच्या घरात आम्हांपेक्षा त्याच अधिक बारकाईने करतात.