आवड मोजायची की जोपासायची?

वर्ष सरले की 'वर्षातील आवडती गाणी' जाहीर होतात. निकष एकच, ती किती वेळा ऐकली गेली! वास्तविक आवड ही संस्काराची बाब. तिचा निवाडा आपण आकड्यांच्या हवाली केला आहे.

2025 या वर्षापुरती आमची पसंती 'संगीत मानापमान'ला. सुबोध भावे यांचा हा चित्रपट त्या जानेवारीत शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीतासह आला. मात्र त्याचे कौतुक करणाऱ्या किती घरांत मूळ नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे यांची नावे उच्चारली गेली? नाटक रंगभूमीवर आले 1911 साली. 1921मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे प्रतिस्पर्धी त्यात एकत्र उभे राहिले. तोच 'संयुक्त मानापमान'. ज्या गाण्याने स्वराज्यासाठी निधी उभा केला, त्याची थोरवी 'लाइक' मोजून कशी कळावी?

नव्याचे स्वागत अवश्य करावे. परंतु त्याच संध्याकाळी मुलांना मूळ पदही ऐकवावे, कवी आणि संगीतकार कोण ते सांगावे. एवढेही न करणाऱ्यांनी अभिरुची ढासळल्याचे खापर बाजारावर फोडू नये.